समुद्रतळाशी जहाज सापडल्यावर: महायुद्धात बुडालेल्या भारतीय खलाशांचं स्मरण कसं करावं

महायुद्धात बुडालेलं ब्रिटिश व्यापारी जहाज सापडल्याची बातमी येते तेव्हा मथळ्यात बहुधा चांदी असते. ‘गैरसोप्पा’चं तसंच झालं. गिरसप्पाच्या धबधब्याचं नाव मिरवणारं हे ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचं जहाज कलकत्त्याहून निघालं आणि कोळसा कमी पडल्यामुळे ताफ्यातून बाजूला होऊन आयर्लंडच्या गॉलवे बंदराकडे वळलं. फेब्रुवारी १९४१मध्ये जर्मन पाणबुडी ‘यू-१०१’ने ते बुडवलं. ८६ जणांपैकी एकटे सेकंड ऑफिसर रिचर्ड एअर्स वाचले. २०११मध्ये जहाज सुमारे ४,७०० मीटर खोलीवर सापडलं, पुढच्या दोन वर्षांत शंभर टनांहून जास्त चांदी वर आली आणि जगभर छापून आली. मेलेल्यांत भारतीय खलाशी मोठ्या संख्येने होते. ती ओळ बातमीच्या शेवटी आली, काही ठिकाणी आलीच नाही.

म्हणून अशा वेळी स्मृतिकार्य हाती घ्यायचं तर पुष्पचक्र, पाहुणे, फलक हे सगळं नंतर. आधी यादी. समारंभ महिनाभरात उभा राहतो. यादीला सहा महिने लागले तरी तक्रार करू नये, कारण दगडावर चुकीचं कोरलेलं नाव कोणी दुरुस्त करत नाही.

जहाज तेच आहे ना?

ध्वनिलहरींनी तळ दाखवणाऱ्या सोनार यंत्रावर दिसलेल्या आकृतीवरून नाव जाहीर करण्याची घाई शोधपथकांना असते, आपल्याला नसावी. लांबी-रुंदी, बॉयलरची संख्या, मागच्या तोफेची जागा आणि टॉर्पेडोचं भोक कोणत्या बाजूला, या चार गोष्टी जुन्या नकाशांशी आणि वाचलेल्यांच्या जबान्यांशी जुळल्या आहेत का, ते शोधपथकाला लेखी विचारावं. घंटा किंवा बांधणीची पाटी मिळाली असेल तर प्रश्नच मिटला. कंपनीचं चिन्ह असलेल्या कपबश्या मात्र पुरेसा पुरावा नव्हे, कारण त्या कंपनीच्या सगळ्या जहाजांवर सारख्याच असत. आणि शोधायला गेले एक, सापडलं दुसरं, असं होतं. ‘गैरसोप्पा’च्याच शोधमोहिमेत पहिल्या महायुद्धातलं ‘मंतोला’ सापडलं. ते ८ फेब्रुवारी १९१७ला बुडालं होतं आणि त्यात गेलेले सातही जण भारतीय खलाशी होते.

त्याच पत्रात आणखी तीन गोष्टी मागून घ्याव्यात: खोली, छायाचित्रं वापरण्याची परवानगी, आणि मानवी अवशेष दिसले का याचं उत्तर. अवशेषांची, बुटांची, कपड्यांची छायाचित्रं कुठेही लावायची नाहीत. खोल समुद्रात हाडं विरून जातात आणि चामड्याचे बूट जोडीने पडून राहतात. ते कुणाचं तरी शेवटचं ठिकाण असतं.

जहाजाचं अचूक स्थान मिळालं तरी पत्रिकेत किंवा फलकावर छापू नये. भंगार आणि मौल्यवान धातू काढणाऱ्यांना तेवढंच हवं असतं. जावाच्या समुद्रातली ‘डी रॉयटर’ आणि ‘जावा’ ही डच युद्धजहाजं तळावरून जवळजवळ नाहीशी झाल्याचं २०१६मध्ये लक्षात आलं, आणि ती तर शेकडो लोकांची कबर होती. ‘अमुक किनाऱ्यापासून सुमारे इतके सागरी मैल’ एवढं पुरतं.

यादी कुठून करायची

तीन ठिकाणच्या नोंदी एकमेकींवर ताडून पाहाव्यात. एकीवर विसंबू नये.

पहिली नोंद युद्धमृतांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची. त्यांच्या संकेतस्थळावर जहाजाचं नाव युनिटच्या रकान्यात असतं, म्हणून व्यक्तीच्या नावाने न शोधता जहाजाच्या नावाने शोधावं आणि शोध ‘इंडियन मर्चंट नेव्ही’पुरता ठेवावा. ही मर्यादा काढून पुन्हा शोधावं, म्हणजे ब्रिटिश अधिकारी आणि तोफची यांची नावं येतात. दुसऱ्या महायुद्धात ज्यांना समुद्रावाचून दुसरी कबर नाही अशा भारतीय नौदलाच्या सुमारे ४०० आणि व्यापारी नौकांवरच्या ६,०००हून जास्त खलाशांची नावं ‘बॉम्बे/चितगाव स्मारका’त आहेत. हे स्मारक म्हणजे उभा दगड नव्हे, ग्रंथ आहे: एक प्रत मुंबईत मशीद बंदराजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये, तशीच दुसरी चितगावात. पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांहून जास्त जणांची नावंही त्याच सेलर्स होममध्ये आहेत. ग्रंथ पाहायला जाण्याआधी तिथे विचारून वेळ ठरवावी.

दुसरी नोंद लंडनमध्ये क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये. तिथे दुसऱ्या महायुद्धातले खलाशांचे करार आणि लॉगबुकं ‘बीटी ३८१’ या मालिकेत जहाजाच्या अधिकृत क्रमांकानुसार लावलेली आहेत. नावानुसार नव्हे. त्यामुळे आधी ‘लॉइड्स रजिस्टर’ या जहाजांच्या सूचीतून जहाजाचा अधिकृत क्रमांक काढून घ्यावा. समुद्रावरच्या मृत्यूंची नोंदवही ‘बीटी ३३४’. वाचलेल्या अधिकाऱ्यांच्या जबान्या ‘एडीएम १९९’मध्ये सापडतात. इथे नेमकी गफलत होते ती अशी: लास्करांचा, म्हणजे आशियाई खलाशांचा, करार वेगळ्या कागदावर असे. संशोधकाला पहिल्या पाकिटात युरोपीय खलाशांची पूर्ण यादी मिळते, तो समाधानाने परत येतो, आणि दोनतृतीयांश माणसं यादीबाहेर राहतात. कागद मागवताना ‘एशियाटिक करार’ वेगळा मागावा. १९१५मध्ये बुडालेल्या जहाजांसाठी काम सोपं आहे, कारण त्या वर्षीच्या ब्रिटिश क्रू-याद्या उतरवून मोफत खुल्या केल्या आहेत.

तिसरी नोंद घरांत असते, त्याबद्दल पुढे.

एकूण आकडा जुळला नाही तर घाबरू नये, पण कारण शोधावं. बहुतेकदा ते जीवनौकेत असतं. ‘गैरसोप्पा’ची जी एक जीवनौका इंग्लंडच्या किनाऱ्याला लागली, ती तेरा दिवस पाण्यात होती. तिच्यातली माणसं एकेक करून वेगवेगळ्या दिवशी गेली. बंदरात पोहोचून इस्पितळात दगावलेले लोक तर दुसऱ्याच कुठल्या तरी दफनभूमीच्या नोंदीत जातात. जहाज बुडाल्याची तारीख घेऊन शोधलं तर ही माणसं गळतात.

नाव देवनागरीत आणताना

इंग्रज कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं नाव परत आपल्या लिपीत आणणं हे सगळ्यांत किचकट काम आहे. ते एकट्याने करू नये. कोकणी मुसलमान, मालवणी, गोव्याचे ख्रिस्ती आणि बंगाली नावं ओळखणारी वेगवेगळी माणसं हवीत. मुसलमान नावांत आडनाव बहुधा नसतं. ‘बाबू हुसेन’ यात बाबू माणसाचं नाव आणि हुसेन बापाचं. दुसऱ्या शब्दाला आडनाव समजून वर्णानुक्रम लावला की केवळ बापाचं नाव सारखं असलेली परकी माणसं एकाच घरातली वाटतात. खात्री नसलेल्या नावाचं मूळ रोमन रूप कामाच्या तक्त्यात कायम ठेवावं, शेजारी देवनागरी, आणि तिसऱ्या रकान्यात कोणी ठरवलं ते. अंदाजाने ‘सुधारलेलं’ नाव मूळ नोंदीशी जोडण्याचा धागा तुटला की पुढच्या माणसाला ते सापडत नाही.

हुद्दे कामाला येतात. सारंग (खलाशांचा मुकादम) आणि त्याच्या हाताखालचा टिंडेल, सुकाणू धरणारा सुकाणी, सामानाचा कसाब, स्वयंपाकी भंडारी, सफाईचा टोपास. इंजिनात आगवाला, तेलवाला, कोयलावाला. मुंबईत भरती झालेल्या जहाजावर डेकची माणसं साधारणपणे कोकण आणि गुजरातच्या किनाऱ्याची, इंजिनातली पंजाब-सरहद्दीकडची, सलूनमधले बटलर-स्टुअर्ड गोव्याचे. कलकत्त्याहून निघालेल्या जहाजावर सिल्हेट, नोआखाली, चितगावची शक्यता जास्त. म्हणजे ‘गैरसोप्पा’सारख्या जहाजाची यादी घेऊन रत्नागिरीत वारस शोधत बसण्याआधी भरती कुठे झाली ते पाहावं. गोव्याचे लोक तेव्हा पोर्तुगीज प्रजाजन होते, म्हणून राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात ‘पोर्तुगीज’ दिसलं तर ते नाव परदेशी म्हणून वगळू नये.

गावांचंही तेच. जुन्या कागदावरचा ‘रत्नागिरी जिल्हा’ आजच्या सिंधुदुर्गासह आहे, कारण सिंधुदुर्ग १९८१मध्ये वेगळा झाला. कुलाबा म्हणजे आजचा रायगड. मुरूड-श्रीवर्धन जंजिरा संस्थानात आणि सावंतवाडी स्वतंत्र संस्थान, तेव्हा त्या गावांपुढे जिल्ह्याऐवजी ‘स्टेट’ असतं.

यादीचा क्रम वर्णानुक्रमेच ठेवावा, कॅप्टन वर आणि टोपास खाली असा नको. हुद्दा नावापुढे बारीक अक्षरात लिहिला तर माहिती राहते, उतरंड राहत नाही. युद्धमृतांत भेद करायचा नाही हे कमिशनचं तत्त्वच आहे, पण ते सगळीकडे पाळलं गेलं नव्हतं. २०२१मधल्या त्यांच्याच चौकशी समितीने मान्य केलं की भारतीय, आफ्रिकी, इजिप्शियन मृतांपैकी निदान ४५ हजारांचं स्मरण इतरांच्या बरोबरीने झालं नाही आणि एक लाखाहून जास्त जणांची नावंच कोरली गेली नाहीत.

घरच्यांपर्यंत

वर्तमानपत्रात देण्याआधी घरी कळवावं. ऐंशी वर्षांनीसुद्धा एखाद्या घरात ‘ते कुठेतरी जिवंत असतील’ ही गोष्ट चालत आलेली असते.

ग्रामपंचायतीपेक्षा जमात, देवस्थान आणि चर्चमधून निरोप लवकर पोचतो. गोव्याच्या खलाशांसाठी मुंबईतल्या गावागावांच्या कूडांमध्ये, म्हणजे त्या त्या गावच्या लोकांच्या वसतिगृहांत, विचारावं. धोबीतलावच्या परिसरात काही अजून आहेत. घरात काय शोधायचं ते नेमकं सांगावं: मनीऑर्डरच्या पावत्या, सी.डी.सी. (खलाशाच्या नोकरीच्या नोंदींचं पुस्तक), कंपनीचं पत्र, पेन्शनचा कागद, ट्रंकेच्या झाकणामागे चिकटवलेला फोटो. मूळ कागद मागू नयेत. तिथेच फोटो काढावा, सरळ वरून, उजेड एका बाजूने, शेजारी पट्टी ठेवून. कोणाचा दावा दुसऱ्याशी भिडला (एकाच नावाचे दोघे असतात), तर बापाचं नाव, गाव आणि जहाज या तिन्हींपैकी दोन जुळेपर्यंत नाव कोणा एका घराशी जोडू नये. अवशेष वर आणायचे नसल्यामुळे डीएनए वगैरेची गरज नसते, आणि तसा प्रस्ताव घेऊन कोणी पैसे मागत असेल तर दूर राहावं.

तारीख

पाणबुडीच्या लॉगमधली वेळ जर्मन घड्याळाची, जहाजाची वेळ तिथल्या समुद्राची. ‘गैरसोप्पा’ मध्यरात्रीच्या सुमाराला बुडालं, म्हणून काही नोंदींत १६ फेब्रुवारी, काहींत १७. वाद घालत बसण्यात अर्थ नाही. कार्यक्रमासाठी कमिशनच्या नोंदीतली तारीख धरावी आणि फलकावर ‘१६-१७ फेब्रुवारी’ असं लिहावं.

तारीख जून ते सप्टेंबरात येत असेल आणि कार्यक्रम आपल्या किनाऱ्यावर असेल, तर समुद्रात जाण्याचा विचारच सोडावा. त्या दिवशी जमिनीवर नावं वाचावीत, पाण्यावरचा भाग नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करावा. वर्षातला ठरलेला दिवस हवा असेल तर ५ एप्रिलचा राष्ट्रीय सागरी दिनही चालतो. पण बुडाल्याच्या दिवसाला जी जागा आहे ती त्याला नाही.

समुद्रावर

जहाज आवाक्यात असेल तरच. ‘तिलावा’ २३ नोव्हेंबर १९४२ला अरबी समुद्रात बुडालं, २८० माणसं गेली. ऐंशी वर्षांनी, २०२२मध्ये, त्याचा स्मृतिदिन मुंबईत पाळला गेला.  भर समुद्रातल्या जागेसाठी सोपा मार्ग असा: त्या वाटेने नियमित जाणाऱ्या जहाजकंपनीला दोन महिने आधी लिहावं. कॅप्टन तयार असेल तर जहाज न थांबवता, त्या स्थानाजवळून जाताना ब्रिजवर नावं वाचली जातात आणि लॉगमध्ये वेळ व स्थान नोंदलं जातं. त्या पानाची सही-शिक्क्याची प्रत घरच्यांसाठी मागून घ्यावी.

स्थान कळवताना पद्धत लिहावी, नाहीतर फार मोठी चूक होते. १८.५५ अंश म्हणजे १८ अंश ३३ मिनिटं. ते कोणी १८ अंश ५५ मिनिटं असं वाचलं तर बोट २२ सागरी मैल, म्हणजे चाळीस किलोमीटर, भलतीकडे जाते.

किनाऱ्याजवळच्या जहाजासाठी बोट घेताना तिच्या परवान्यावरची प्रवासी-संख्या पाहावी आणि त्याहून चारपाच कमी माणसं न्यावीत. बंदर कार्यालय आणि तटरक्षक दलाला माणसांची संख्या, मार्ग, परतीची वेळ लेखी द्यावी. निघायचं पहाटे, कारण दुपारी खारा वारा चढतो आणि वृद्ध मंडळींचे हाल होतात. उलटीची गोळी बोटीत चढण्याच्या तासभर आधी. मळमळ सुरू झाल्यावर दिलेली गोळी पोटात राहत नाही. जीवरक्षक जाकीट धक्क्यावरच घालायला लावावं, फोटोसाठी काढू देऊ नये.

जागेवर पोचल्यावर नांगर टाकायचा नाही, तो जहाजाच्या सांगाड्यात अडकतो. बोट स्थानाच्या वाऱ्याकडच्या बाजूला दोनतीनशे मीटरवर न्यावी, इंजिन न्यूट्रलला टाकून वाहू द्यावी. ती आपोआप जागेवरून जाते आणि तेवढ्या वेळात वाचन होतं.

पुष्पचक्राचा सांगाडा काथ्याच्या दोराचा किंवा केळीच्या सोपटाचा, व्यास ४०-४५ सेंटिमीटर. तार, थर्माकोल, नायलॉनची फीत, चकचकीत कागद यांतलं काही नको. समुद्रात कुठेही प्लास्टिक टाकायला समुद्रप्रदूषणाविरुद्धच्या मार्पोल या आंतरराष्ट्रीय कराराने बंदी आहे, आणि फुलवाला न सांगता तार घालतोच, म्हणून चक्र हातात घेऊन चाचपावं. नावं लिहायची तर सुती कापडावर. चक्र फेकू नये. वरून फेकलेलं चक्र वाऱ्याने उलटतं आणि फुलं खाली, सांगाडा वर असं तरंगतं. सुतळीच्या दोन दुहेरी फासांत धरून वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूने खाली सोडावं आणि सुतळीचं एक टोक सोडून ती ओढून घ्यावी. बोटीचा पंखा फिरत नाही ना, हे ती चालवणाऱ्या तांडेलाला विचारूनच. पणत्या बोटीत पेटवू नयेत, खाली डिझेल असतं.

नावांचं वाचन आणि प्रार्थना

मिनिटाला दहा नावं हा ठीक वेग आहे. ८५ नावांना साडेआठ-नऊ मिनिटं, २८० नावांना अर्धा तास. दर वीस-पंचवीस नावांनंतर वाचणारा बदलावा, नाहीतर आवाज सपाट होतो. वाचणाऱ्यांनी आदल्या दिवशी त्या त्या समाजातल्या माणसासमोर उच्चार करून घ्यावेत. माइकला फोमची टोपी नसेल तर समुद्रावर फक्त वारा ऐकू येतो. भाषणं वाचनानंतर ठेवावीत, कारण आधी ठेवली की लांबतात आणि मग नावं घाईत उरकतात.

एकच सामाईक विधी शोधू नये. सगळ्यांचं दोन मिनिटं मौन, मग ज्याने त्याने आपापलं. मुसलमान खलाशांसाठी देहाविना जनाजाची नमाज शाफई पंथात चालते, हनफी पंथात नाही. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई, सिल्हेटचे हनफी. म्हणून जमातीला आधी विचारावं, फातिहा आणि दुआ सगळ्यांना चालते. हिंदू घरांत तिथी माहीत नसेल तर सर्वपित्री अमावास्या आहेच, आणि शस्त्राने किंवा अपघाताने गेलेल्यांसाठी पितृपक्षातली चतुर्दशी सांगितलेली आहे. गोव्याच्या खलाशांसाठी गावच्या चर्चमध्ये मिसा. २ नोव्हेंबर हा सर्व मृतांचा दिवस त्यासाठी सोयीचा.

दगड

तिरंग्याने फलक झाकून अनावरण करायचं नाही. पुतळा किंवा स्मारक झाकायला ध्वज वापरू नये, तो पाण्यात ओढला जाऊ नये, हे ध्वजसंहितेत स्पष्ट आहे. साधं पांढरं सुती कापड घ्यावं. अर्ध्यावर ध्वज उतरवणंही सरकारी आदेशाशिवाय नाही. मजकुरात ‘नौसैनिक’ लिहू नये. ही माणसं व्यापारी जहाजांवर नोकरीला होती, आणि तसं लिहिण्यात काही कमीपणा नाही.

काळा ग्रॅनाइट, जाडी २० मिलिमीटर. देवनागरी अक्षर २५ मिलिमीटरपेक्षा लहान नको, कारण खाली उकार आणि वर रफार, वेलांटी भरून जाते. एका ओळीच्या शिरोरेषेपासून पुढच्या ओळीच्या शिरोरेषेपर्यंत ५ सेंटिमीटर. ८५ नावं आणि पुढे सापडणाऱ्या आठ जणांसाठी मोकळी जागा धरली, तर तीन रकान्यांत ३१-३१ ओळी, म्हणजे १५५ सेंटिमीटर. मथळ्यासह १८० उंच, १५० रुंद. एवढा अखंड दगड दीडशे किलोंहून जास्त भरतो आणि उचलताना तडकतो. त्यापेक्षा ५० सेंटिमीटर रुंदीच्या तीन पाट्या कराव्यात. प्रत्येकी साधारण ५५ किलोंच्या आत, आणि चूक निघाली तर एकच बदलावी लागते.

कोरणाऱ्याकडे बहुधा जुना फॉन्ट असतो. युनिकोडमधली यादी त्यात टाकली की रफार पुढच्या अक्षरावर सरकतो, ‘ऱ्या’ फुटतो, जोडाक्षरं सुटी पडतात. मूळ आकाराचा कागदी नमुना मागवावा. एकाने मूळ यादीवरून मोठ्याने वाचावं, दुसऱ्याने कागदावर पाहावं, मग उलट. अक्षरांची खोली किमान ३ मिलिमीटर. वर नुसता सोनेरी रंग भरलेली उथळ अक्षरं खाऱ्या हवेत लवकर पुसली जातात. खिळे आणि पकडी ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलच्या. लोखंडी पकड गंजून फुगते आणि दगडाचा कोपरा उडवते, ३०४ दर्जाही किनाऱ्यावर डाग सोडतो.

तळावर, जहाजाशेजारी फलक ठेवायची कल्पना आकर्षक वाटते, पण त्याला जहाजाच्या मालकाची परवानगी लागते. ब्रिटिश व्यापारी जहाजांच्या बाबतीत मालकी बऱ्याचदा तिथल्या सरकारकडे किंवा विमा कंपनीकडे असते. मिळालीच परवानगी, तर काशाची पाटी लोखंडी सांगाड्याला टेकवू नये. खाऱ्या पाण्यात दोन धातूंच्या संपर्काने लोखंड झपाट्याने खाल्लं जातं.

यादीत नसलेला माणूस

घरच्यांकडे पुरावा आहे आणि कमिशनच्या नोंदीत नाव नाही, असं एखादं प्रकरण निघतंच. त्यासाठी कमिशनकडे अर्ज करता येतो. मृत्यू ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ किंवा ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातला हवा, आणि व्यापारी खलाशाच्या बाबतीत तो युद्धाच्या कारवाईमुळे झालेला असावा लागतो. टॉर्पेडो, सुरुंग, बॉम्ब चालतं. बंदरात तापाने गेलेला बहुधा बसत नाही. जोडायचे कागद: क्रू-करारातली नोंद किंवा ‘बीटी ३३४’मधलं पान, कंपनीचं किंवा शिपिंग ऑफिसचं पत्र, आणि नावाच्या वेगवेगळ्या स्पेलिंगांचा खुलासा एका पानात. आठवणींचं प्रतिज्ञापत्र एकटं पुरत नाही. उत्तराला वेळ लागतो, तोवर नाव दगडावरच्या मोकळ्या आठ जागांपैकी एकीवर कोरायला हरकत नाही.